अक्काची चार पानं

भूकंपाच्या त्या वर्षी आमच्या घरात भिंतीला पाठ लावून कुणी बसत नसे. लातूरचं आमचं घर पडलं नव्हतं. मागच्या खोलीत वरून खालपर्यंत एक तडा तेवढा गेला होता, त्यात माझं बोट जाईल एवढा. पण तेवढ्यानं भिंतींवरचा भरवसाच उडाला. अप्पांनी अंगणात पत्र्याचं शेड मारून घेतलं आणि आम्ही चौघं तिथं राहायला आलो: अप्पा, अव्वा म्हणजे आमची आई, माझी थोरली बहीण शिवलीला आणि मी. शिवलीलाला सगळे अक्काच म्हणायचे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. स्वयंपाक तेवढा आत व्हायचा. भाकरी थापता थापता अव्वा मध्येच थांबायची आणि परातीतलं पाणी हलतंय का ते बघायची. पाणी हलत नसे. मग ती पुन्हा थापायला लागायची. किल्लारीकडच्या एका गावात अप्पांची धाकटी बहीण, तिचा नवरा आणि लेकरं होती. अप्पा तिकडं गेले आणि चार दिवसांनी परतले ते कमी बोलणारे होऊनच. त्यांचं ते कमी बोलणं शेवटपर्यंत राहिलं.

घराच्या पुढच्या अंगाला आमचं झेरॉक्सचं दुकान होतं. गल्लीत नवेनवे क्लासेस निघून राहिले होते. चाकूर, निलंगा, उदगीर कुठकुठची पोरं पत्र्याची ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन उतरायची. एका एका खोलीत पाच पाच जणं राहायची, आणि पहाट झाली की सगळ्या गल्लीतून पाठांतराचा एकच सूर निघायचा. पावसाळी डबक्यातल्या बेडकांसारखा, असं अक्का म्हणायची आणि स्वतःच हसायची, कारण ती त्यांच्यातलीच एक होती. ती अकरावीला होती. ती डॉक्टर होणार हे आमच्या घरात कधी कुणी ठरवलं नव्हतं. दिवाळी येणार हे जसं कुणी ठरवत नाही तसंच. क्लास सुटला की ती दुकानात बसायची. पोरं नोट्सच्या प्रती काढायला यायची आणि अक्का आधी त्या वाचायची. काही चुकलेलं दिसलं की लाल पेनानं दुरुस्त करायची आणि मगच मशीनवर ठेवायची. "चुकीचं छापून द्यायचं न्हाई," असं तिचं म्हणणं. मशीनचा हिरवा उजेड तिच्या हनुवटीवरून सरकत जायचा, आणि गरम कागदाचा वास दुकानात भरून राहायचा. आजही कुठं झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तो वास आला की मी लगेच बाहेर येऊन उभी राहते. दुकानदाराला वाटतं, बाईंना घाई आहे.

दुखणं आधी तिच्या बोटांत आलं. सकाळी तिची मूठ उघडायची नाही. बाटलीचं झाकण निघायचं नाही, वेणी घालता यायची नाही. मी तिची वेणी घालू लागले तेव्हा कंगव्यात केसांचा गुंता येऊ लागला, मूठभर, मुळासकट. मी तो तिला न दाखवता शेडमागं टाकून यायची. मग ताप येऊ लागला. रोज दुपारनंतर अंग मोडल्यासारखं होऊन ती पुस्तकावर डोकं ठेवून पडायची. आम्ही तिला एकामागून एक तीन डॉक्टरांना दाखवलं. त्या दिवसांत लातुरात कुणाचं काहीही दुखलं तरी त्याला एकच कारण सापडायचं. "भूकंपाची धास्ती घेतलीय पोरीनं," पहिले म्हणाले. दुसऱ्यांनी टॉनिक दिलं, तिसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या. आत्या गेली होती, लेकरं गेली होती, तेव्हा ती धास्ती आम्हालाही खरी वाटायची. अक्का एकटीच म्हणायची, "मला भीती वाटून न्हाई राहिली. माझी बोटं दुखून राहिलीत."

मग तिच्या नाकावरून दोन्ही गालांवर लाली पसरली. शेजारच्या बायका म्हणाल्या, वांग आहे, चंदन उगाळून लावा. अव्वा रोज सहाणेवर चंदन उगाळायची, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून तिला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवायची. लाली वाढतच गेली. एक दिवस नळावर कुणीतरी 'महारोग' हा शब्द हळूच उच्चारला. तो अव्वाच्या कानावर पडला. त्या दिवसापासून अक्काला नळावर पाठवणं बंद झालं, आणि पाण्याच्या घागरी माझ्या वाट्याला आल्या.

नांदेडचे माझे मामा एसटीत कंडक्टर होते. एकदा लातूरचा मुक्काम पडला म्हणून ते घरी आले आणि अक्काला बघून दारातच थबकले. "ताई, ही काय अवस्था करून ठेवलीस पोरीची? उद्या माझ्याच गाडीनं चला नांदेडला." दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मायलेकी गेलो. मामांनी दाखवलेल्या डॉक्टरीणबाई साधारण चाळिशीच्या होत्या. त्या फार बोलत नव्हत्या. त्यांनी अक्काची बोटं एकेक करून दाबून पाहिली, तोंड उघडायला लावून टाळूवरचे फोड पाहिले आणि मग विचारलं, "उन्हात गेलं की वाढतं का गं?"

"हाव," अक्का म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला असा प्रश्न विचारला होता, की ज्याचं उत्तर तिच्याजवळ होतं.

रक्त मुंबईला पाठवावं लागलं. निकाल यायला बरेच दिवस लागले. मग बाईंनी आम्हाला पुन्हा बोलावून नाव सांगितलं, ल्युपस. शरीराची राखण करणारी जी ताकद असते तीच उलटून स्वतःच्या शरीरावर चालून जाते, असं त्यांनी समजावलं. अव्वानं विचारलं, "कशानं झालं बाई? भूकंपानं?"

"ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण तुमचं काही चुकलेलं नाही, आणि तिचंही नाही. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

"बरं होतंय का?"

"ताब्यात राहतो. गोळ्या सोडायच्या नाहीत आणि उन्हात जायचं नाही. या दोन गोष्टी सांभाळा."

परतीच्या गाडीत अव्वा तो शब्द तोंडात घोळवत होती. लुपुस, लुपसा. तो तिला शेवटपर्यंत धड म्हणता आला नाही. लातुरात तर तो कुणी ऐकलेलाही नव्हता. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, असं काही नसतंय. औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाला, "यातली एक तर मलेरियाची गोळी हाय. मलेरिया झालाय का?" जे विचारायला येत त्यांना अव्वा काय सांगणार? नाव नसलेलं दुखणं निदान धास्तीवर ढकलता येत होतं. आता नाव होतं, पण त्या नावाच्या मागंपुढं काहीच नव्हतं. माहिती देईल असं माणूस नव्हतं, कागद नव्हता. हे आज सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही. हातातल्या फोनवर बोट फिरवलं की पानं उघडतात, अशा काळात वाढलेल्या लेकरांना मी काय सांगू?

मी नववीत होते आणि मला वाटलं, हे काम माझं. मी वाचनालयात गेले. तिथल्या जाडजूड शब्दकोशात तो शब्द सापडला. पुढं लिहिलं होतं, कातडीचा क्षय. मी घाबरले. घरी काही बोलले नाही, पण आठ दिवस अक्काच्या तांब्यानं पाणी प्यायले नाही. तिच्या ते लक्षात आलं होतं. पुढं कळलं की तो दुसराच आजार आहे, नाव तेवढं एकासारखं. पण ते आठ दिवस काही मला परत घेता आले नाहीत.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे नांदेडला गेले असताना एका रद्दीवाल्याकडं मला डॉक्टरीचं एक इंग्रजी पुस्तक दिसलं. त्याला पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची पानं नव्हती. त्यात ल्युपसवर अडीच पानं होती. मी ते पुस्तक छातीशी धरून लातूरला आणलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून ती अडीच पानं लावायला दहा दिवस घेतले. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, हे रोगी फार वर्षं जगत नाहीत. दुसरी, ज्या गोळ्या अक्का घेत होती त्यांनी तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, आणि आणखी बरंच काही. दुसरी गोष्ट तर आमच्या डोळ्यांपुढंच होती. अक्काचा ताप गेला होता, बोटं उघडत होती, ती बारावीच्या क्लासला परत जाऊ लागली होती. पण तिचं तोंड गोल, फुगलेलं, ओळखू येऊ नये असं झालं होतं. क्लासमधल्या पोरी तिला काही म्हणायच्या. काय म्हणायच्या ते तिनं कधी सांगितलं नाही, फक्त आरशावर टॉवेल टाकून ठेवू लागली.

मी ते सगळं अव्वाला वाचून दाखवलं. एकेक वाक्य इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. मला वाटत होतं मी फार मोठं काम करतेय. अव्वा पीठ चाळत होती. पहिली गोष्ट ऐकली तेव्हा तिची चाळणी थांबली. दुसरी ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे जगायचंबी न्हाई, आन् जितके दिस हाय तितके दिस असं तोंड घेऊन?"

"पुस्तकात तसंच हाय, अव्वा."

त्याच सुमारास निलंग्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. कापडाचे व्यापारी, आपल्यातलेच. येळवस झाली की बघायला येतो म्हणाले होते. अव्वानं अक्काला समोर बसवलं. मी दारात उभी होते. अव्वा म्हणाली, गोळ्या थोड्या कमी करू, तोंडाची सूज उतरली की पुन्हा चालू करू. मला वाटलं अक्का नाही म्हणेल. ती डॉक्टर होणार होती, चुकीचं छापू न देणारी होती. पण ती आपल्या हातांकडं बघत म्हणाली, "एक महिना. मला माझं तोंड एकदा बघू द्या. मग घेते परत." गोळ्यांची डबी माझ्या ताब्यात असायची, दोन्ही वेळेला मीच काढून द्यायची. आधी मी गोळी अर्धी केली. मग बंद केली.

आणि तोंड उतरलं. खरंच उतरलं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि सगळी माणसं शेतात जेवायला जातात. निलंग्याजवळ आमच्या चुलत्यांचं शेत होतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, केली होती, मातीच्या मडक्यात आंबील होती, आणि भाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर. हरभरा गुडघ्याइतका वर आला होता. चिंचेला दोर बांधून झोका केला होता. अक्कानं हिरवं लुगडं नेसलं होतं, अव्वाचंच. मी छत्री घेऊन तिच्या मागं मागं हिंडत होते, तर तिनं ती माझ्या हातातून घेऊन मिटली. "आज नको गं. एक दिवस नको." ती झोक्यावर उभी राहिली आणि इतकी उंच गेली की चुलती खालून ओरडली. दिवसभर ऊन होतं, हिवाळ्यातलं, अंगाला गोड लागणारं. अप्पांनी आंबिलीचं दुसरं गाडगं तिच्या हातात दिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. भूकंपानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या दिवसाचं काय करावं ते मला अजून कळत नाही. आमच्या घरातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काचे डोळे उघडेनात. पापण्या सुजून मिटल्या होत्या. पायाला बोट लावलं की खड्डा पडायचा. ताप इतका की अंथरूण गरम. लघवीला नुसता फेस येतोय असं तिनं मला हळूच सांगितलं. अप्पांनी नांदेडला जायला जीप केली. लोह्याच्या पुढं तिला झटके आल्यासारखं झालं, अव्वानं तिचं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं, आणि मी त्या पुस्तकाची पिशवी कवटाळून बसले होते. ते मी का बरोबर घेतलं होतं? मला वाटत होतं, आमच्यावर कुणी रागावलं तर दाखवता येईल.

डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच भरती करून घेतलं. मग बाहेर येऊन विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

अव्वा भिंतीकडं बघत राहिली. अप्पांना तर काहीच ठाऊक नव्हतं, ते आम्हा दोघींच्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, "मी बंद केल्या," आणि पुस्तक पुढं केलं.

त्यांनी ती अडीच पानं उभ्या उभ्या वाचली. मग पुस्तक मागंपुढं चाळून पाहिलं. "हे कुठल्या सालचं आहे?"

"पहिली पानं न्हाईत त्याला."

"मी शाळेत होते तेव्हाचं असेल. तेव्हा या रोगावर फारसं काही हातात नव्हतं. आता आहे. आता माणसं जगतात, नोकऱ्या करतात, संसार करतात." मी मारासाठी तयार होते, निदान शब्दांच्या. त्या म्हणाल्या, "तू वाचलंस ते चांगलं केलंस. वाचून मला विचारायला आली असतीस तर फार बरं झालं असतं." माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या हळू आवाजात इतकं मोठं काही सांगितलं नाही. गोळ्या एकदम सोडल्या की शरीर कोसळतं, त्यात दिवसभराचं ऊन, आणि आता रोग मूत्रपिंडात शिरलाय, असं त्यांनी अप्पांना समजावलं. जितकं वाचवता येईल तितकं वाचवू म्हणाल्या. अप्पांनी आम्हाला त्यावर कधी एक शब्द विचारला नाही. विचारायला हवं होतं.

तिथं आम्ही तीन आठवडे होतो. अक्का उठून बसू लागली तेव्हा एका दुपारी बाईंनी एका बाईला आत आणलं. तिशीतली, सावळी, अंगभर पदर, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. "ही कौसल्या. अर्धापूरची. तुझंच दुखणं आहे तिला, सहा वर्षं झाली," एवढंच सांगून त्या निघून गेल्या. कौसल्याबाईंनी पिशवीतून केळीची फणी काढून खाटेवर ठेवली. घरची बाग होती त्यांची. मग त्या अक्काच्या हाताकडं बघून म्हणाल्या, "सकाळी उघडत न्हाईत ना?"

"न्हाई."

"मी कोमट पाण्यात बुडवून ठेवते. मग चहाचा कप धरता येतो. आन् अंग असं होतंय का, कुणी पोत्यात घालून बदडल्यासारखं?"

"हाव," अक्का म्हणाली. "पण बाहेरून तर काहीच दिसत न्हाई."

"तेच तर! सासू म्हणायची, चांगली धडधाकट हाय, सोंग करून राहिली. बागेत केळीच्या पानाखाली बसून रडायची मी. ऊनबी लागत न्हाई, कुणी बघतबी न्हाई." आणि दोघी हसायला लागल्या. अक्का इतकी हसली की सलाईनची नळी हलली. पुढं तिनं विचारलं, "तुम्ही गोळ्या सोडल्या व्हत्या का कधी?" कौसल्याबाईंनी मान डोलावली. "दोनदा. तोंडासाठीच." अव्वा खिडकीपाशी उभी होती. ती पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर अक्कानं पहिलं काम काय केलं, तर कागद मागितला. तिची बोटं पेन धरत नव्हती, म्हणून ती सांगायची आणि मी लिहायची. मग ती तपासायची आणि लाल पेनानं खाडाखोड करायची. "असं नको लिहू. अव्वाला कळंल असं लिही." प्रत्येक ओळ अव्वाला वाचून दाखवायची, तिला कळली नाही तर ओळ बदलायची. महिनाभरानं चार पानं झाली. ती घेऊन आम्ही नांदेडला गेलो, डॉक्टरीणबाईंनी दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या. हा रोग शिवल्यानं होत नाही. हा महारोग नाही, क्षय नाही. मलेरियाची गोळी दिली म्हणून मलेरिया झालाय असं समजू नका. छत्री घ्या, बाह्या लांब शिवा. लातूरहून सकाळी नांदेडला जाताना आणि संध्याकाळी येताना गाडीत डावीकडं बसा, ऊन येत नाही. डोळे किंवा पाय सुजले, लघवीला फेस आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. लेकरू हवं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, लपवू नका. घरच्यांनी तिला आळशी म्हणू नये. आणि सगळ्यात वरती, पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात: गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, पुस्तकात काहीही लिहिलेलं असलं तरी.

ती ओळ मीच लिहिली, माझ्या हातानं. तिनं सांगितली आणि मी लिहिली. माझ्याकडं न बघता सांगितली तिनं.

अप्पांनी ती पानं मशीनवर ठेवण्याआधी वाचली. पहिली ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "शंभर काढतो." शाई पुसट आली म्हणून त्यांनी पहिल्या दहा प्रती फाडून टाकल्या आणि पुन्हा काढल्या. ती पानं नांदेडच्या दवाखान्यात राहिली, औषधाच्या दुकानांत राहिली, मामांनी आपल्या गाड्यांमधून कुठकुठं पोचवली. दर महिन्याला तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात अक्का आणि कौसल्याबाई सावलीचा कोपरा धरून बसायच्या. हळूहळू आणखी काहीजण येऊन बसू लागले. देगलूरची एक बाई यायची, तिचं निम्मं बोलणं तेलुगूत. लोह्याचे एक शाळामास्तर. एक नवी नवरी, जिला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं. धपाटे, शेंगाची चटणी, अर्धापूरची केळी मधे ठेवून सगळे बोलायचे. मी बाजूला बसून ऐकायची. कुणी कुणाला फार मोठा धीर देत नसे. तुझ्या तोंडाला फोड आलेत का, मग तिखट खाऊ नको. एवढंच. पण उठताना प्रत्येकाचं तोंड जरा हलकं दिसायचं. काही पुढच्या महिन्यात आले नाहीत. नवी नवरी आली नाही. तिचं काय झालं हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना अंदाज होता.

अक्का बारावी झाली, पण डॉक्टरीला लागतात तेवढे मार्क पडले नाहीत. परीक्षेत तीन तास पेन धरणं तिला झेपलं नव्हतं. निलंग्याचं स्थळ तर दवाखान्याचं कळताच परत फिरलं होतं. ती घरीच जीवशास्त्राच्या शिकवण्या घेऊ लागली. तिच्या हातची कितीतरी पोरं आज डॉक्टर आहेत. त्यातली दोघंतिघं भेटतात तेव्हा 'अक्का' म्हणून तिची आठवण काढतात, आणि मी विषय बदलते. सात वर्षं गेली. ती वर्षं नुसती दुखण्याची नव्हती, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. ती भांडली, हट्टानं साड्या घेतल्या, माझ्या लग्नात खुर्चीवर बसून सगळ्यांना हुकूम सोडले. पण येळवशीच्या त्या तीन दिवसांत मूत्रपिंडांचं जे गेलं होतं ते परत आलं नाही. तिनं मला कधी दोष दिला नाही. एकदाच, अंगाला सूज असताना, मी तिचे पाय चेपत होते तेव्हा म्हणाली, "तू न्हवं. मला माझं तोंड बघायचं व्हतं." मी म्हणाले, "मला ठाऊक हाय." ते खोटं होतं. मला तेव्हा तसं वाटत नव्हतं, आणि आजही पुरतं वाटत नाही.

ती गेली ती एका वैशाखातल्या सकाळी. अव्वा तिला चमच्यानं पाणी पाजत होती. दोन चमचे गेले, तिसरा ओठावरून खाली आला. आमच्यात दहन करत नाहीत. तिला बसवून, कपाळाला विभूती लावून माती दिली. ती फार हलकी झाली होती. अप्पा पुढं होते.

पाचव्या दिवशी भर दुपारी अंगणाचं दार वाजलं. दार उघडलं तर कौसल्याबाई. कुणीतरी त्यांना अर्धापूरला निरोप पोचवला होता. सकाळची गाडी चुकली, पुढची खचाखच भरलेली, उभ्यानंच आल्या होत्या, आणि बसस्टँडपासून आमच्या घरापर्यंत चालत. त्यांचं तोंड नाकावरून दोन्ही गालांपर्यंत लालभडक झालं होतं, ओठ सुकले होते.

अव्वा पाच दिवस एका जागी बसून होती. कुणाशी बोलली नव्हती, जेवली नव्हती. ती उठली. कौसल्याबाईंचा हात धरून तिनं त्यांना आतल्या खोलीत नेलं, तडा गेलेल्या भिंतीपाशी, कारण तिथं गारवा होता. ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं, मान पुसली, हात पुसले. "एवढ्या उन्हात कशाला आलीस गं," ती म्हणाली, "तुला ऊन चालतंय का?" कौसल्याबाई रडू लागल्या. अव्वा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "दुपारची गोळी घेतलीस का?"

सात वर्षांत अक्काला तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं. तिची हिंमतच व्हायची नाही.

कौसल्याबाईंनी मान हलवली. घेतली नव्हती. अव्वा स्वयंपाकघरात गेली, काहीतरी खाऊन मगच घ्यायची असते म्हणून वाटीत दूधभाकरी कुस्करून आणली आणि त्यांच्यापुढं बसली. त्यांनी चार घास खाल्ले, पिशवीतून गोळी काढली, आणि ती गिळून होईपर्यंत अव्वा पाण्याचा तांब्या धरून त्यांच्या गळ्याकडं बघत राहिली.